वालेकच्या चित्रातली रिकामी खुर्ची

वालेक सेनियुच आमच्या पोलिश तुकडीतला सार्जंट. युद्धाआधी पोलंडमध्ये तो साबणाच्या वेष्टनांवरची चित्रं काढायचा, आणि हे सांगताना लाजायचा. १९४१ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आम्ही तारांची कुंपणं घालत होतो, तेव्हा कर्नलसाहेबांनी त्याला हुकूम सोडला: नाताळची आठवण म्हणून चित्र काढ, प्रत्येकाला एक प्रत मिळाली पाहिजे.

गावातल्या छापखान्यात चित्रं छापायची एकच दगडी शिळा होती. तिच्यावर वालेकने तेलकट खडूने आमची नाताळच्या आदल्या रात्रीची पंगत रेखाटली, छापल्यावर सुलटी यावी म्हणून उलटी. टेबलावरच्या चादरीखाली रिवाजाप्रमाणे पसरलेलं गवत, बीटाचं सार, आणि आमच्याकडे घरोघरी असते तशी, न आलेल्या माणसासाठी ठेवलेली रिकामी खुर्ची. साठ प्रती काढल्या आणि शिळा घासून कोरी केली.

दुसऱ्याच दिवशी मी माझी प्रत घेऊन त्याच्याकडे गेलो.

"वालेक, या खुर्चीत माझ्या आईला बसव."

"मी तिला कुठं पाहिलंय?"

"मी सांगतो ना."

मी सांगत गेलो, तो पेन्सिलीने काढत गेला. नाक पार बटाटा करून ठेवलं त्याने, पण बाकी आईच होती. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. मग रांगच लागली. कुणाची बायको, कुणाचा आजोबा. क्सावेरी नावाच्या आचाऱ्याने विचारलं, "सार्जंट, एका खुर्चीत दोघी मावतील का?"

"मावतील, पण तुझं काय होईल ते बघ," वालेक म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या प्रतीतली खुर्ची मात्र मोकळीच राहिली. त्याची बायको ओतिलिया. १९४० मध्ये रशियनांनी तिला घरातून उचलून आगगाडीने कझाकस्तानात नेलं होतं. त्यानंतर पत्र नाही. दर रविवारी समुद्रावर फिरताना तो तिच्याविषयी बोलायचा: डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण, हसताना तोंडावर हात, वेणी घालताना कपाळाला आठी. माझे कान किटले होते.

"मग काढ ना तिला एकदाची," मी चिडून म्हणालो.

"काढली, तर आल्यावर बसेल कुठं?"

युद्ध संपलं. आमची दोघांची गावं रशियाच्या हद्दीत गेली, आणि परत जायला काही उरलं नाही. मी इथल्याच कोळशाच्या खाणीत लागलो, वालेक त्याच छापखान्यात. बाकीचे कुठे कुठे पांगले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघंच त्याच्या खोलीवर जेवायचो. ताटल्या तीन असायच्या. तिसरी ओतिलियाची; त्या ताटलीकडे न बघता मी जेवायचो.

१९४७ च्या डिसेंबरात रेड क्रॉसचं पत्र आलं. ओतिलिया १९४१ च्या ऑक्टोबरातच तापाने गेली होती. वालेकने शिळेवर खुर्ची काढली, तेव्हा ती या जगात नव्हती.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो, तर टेबलावर ताटल्यांऐवजी चित्र पसरलेलं. खुर्चीच्या जागी कागद खोडून खोडून पातळ झाला होता.

"तीन दिवस झाले, कायेतान," तो म्हणाला. "शाल येते, वेणी येते. चेहरा येत नाही. तुम्हा सगळ्यांची माणसं काढता काढता तिचा चेहरा कुठे गेला कळलं नाही."

त्याने पेन्सिलीला टोक केलं.

"तू सांग."

"मी तिला कुठं पाहिलंय?"

"मी सांगितलंय ना."

मी खुर्ची ओढून बसलो. भुवईतली खूण सांगितली, तोंडावरचा हात सांगितला, कपाळाची आठी सांगितली. तो मान खाली घालून काढत गेला. सहा वर्षं कंटाळून ऐकलेलं सगळं माझ्यापाशी होतं.

"नाक?" त्याने विचारलं.

नाकाविषयी तो कधी बोललाच नव्हता. पेन्सिल कागदावर थांबलेली होती.

"बारीक," मी म्हणालो, "थंडीत शेंड्याला लाल व्हायचं."

मी माझ्या आईचं नाक सांगितलं.