नावापुढे गारद

मी जन्मभर मास्तरकी केली आणि त्यातली बरीच वर्षं शाळेचे संघ निवडण्यात गेली. निवडीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. पाच-सहा नावांवर सगळ्यांचं एकमत होतं, चहा येतो, आणि मग कुणीतरी यादीतल्या एका नावावर बोट ठेवून विचारतो, "पण हा करतो काय?" हा म्हणजे गोल न करणारा. धावतो, आडवा येतो, समोरच्याला जखडून ठेवतो, पण सामना संपल्यावर त्याचं नाव कुणाच्या तोंडी नसतं. ठेवावा की काढावा? अशा वेळी मी चहाच्या कपात बघत बसतो. सहकाऱ्यांना वाटतं, मास्तर विचार करतायत. विचार वगैरे मी काही करत नसतो. मला झरीचा रस्ता आठवत असतो.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, पोलीस ॲक्शनच्या पाच-सहा वर्षं आधीची. मी परभणीत मॅट्रिकच्या वर्गात होतो. शाळा उर्दूतून, सुटी शुक्रवारची. आमचे ड्रिल मास्तर हैदराबादचे. त्यांनी तिकडे बास्केटबॉल पाहिला होता आणि येताना नियमांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. बाकी सगळं आम्ही उभं केलं. खांब कडुलिंबाचे. कड्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून, वाकवून दिल्या. त्यातली एक कडी दुसरीपेक्षा चांगली दोन बोटं मोठी निघाली. लोहाराला सांगायला गेलो तर म्हणाला, "दोनीतूनबी चेंडू जायलाय ना? मग झालं तर." तेव्हापासून पाहुण्या संघाला आम्ही लहान कडी द्यायचो. मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या असतात हे पुस्तकात होतं, पण ते पान मास्तरांनी बरेच दिवस वाचून दाखवलं नाही.

मी कप्तान होतो. कप्तान होण्याइतका खेळ मला येत होता आणि तो येतो हे सगळ्यांना दिसावं अशी फार हौस होती. संध्याकाळी मैदानाच्या कडेला कचेरीतले कारकून, दुकानदार, रिकामटेकडे असे लोक जमत. चेंडू कडीतून पडला की टाळ्या पडत. चेंडू कडीपर्यंत पोचलाच नाही म्हणून टाळ्या वाजवलेल्या मी कधी ऐकल्या नाहीत.

आमच्या खेळात पुढचे ते फॉरवर्ड, मधला सेंटर आणि मागचे दोघं गार्ड. यातला गार्ड हा शब्द आमच्या तोंडात काही टिकला नाही. कचेरीपुढे बंदूक घेऊन पहाऱ्याला उभा असायचा त्याला सगळी परभणी गारद म्हणायची. तेव्हा आमचेही ते गारद.

झरी नावाच्या खेड्यातला होता एक गारद. त्याचं नाव मी सांगणार नाही; आम्हीही त्याला झरीचाच म्हणत होतो. उंचीला माझ्या खांद्याइतका, पाय अनवाणी, बोलणं जवळपास नाही. चेंडू हातात आला की चटका बसल्यासारखा दुसऱ्याला देऊन टाकायचा. कडीकडे त्याने एकदाही चेंडू फेकलेला मला आठवत नाही. पण ज्याच्यासमोर त्याला उभं करावं त्याचा दिवस फुकट गेलाच. हात खाली, गुडघे वाकवलेले, आणि नजर समोरच्याच्या पायांवर. हे कुठं शिकलास म्हणून मी एकदा विचारलं.

"वासरं आडवून," तो म्हणाला. "धारंच्या टायमाला वासरू गाईकडं पळाया बघतं. त्याच्या डोळ्याकडं बघायचं न्हाई. डोळे फसवतेत. खुराकडं बघायचं."

सरावात तो माझ्यासमोर उभा असायचा. खरी गोम इथं होती. सरावात माझे गोल होईनात आणि कडेचे लोक हसू लागले. एक दुकानदार तर मला रोज विचारायचा, "काय कप्तान, आज वासरू सुटलं का न्हाई?" तेव्हापासून मी म्हणायला सुरुवात केली, की गोल न करणारा माणूस पाचात ठेवणं म्हणजे चौघांनीच खेळणं. त्याच्या जागी एका वकिलाच्या मुलाला घ्यावं. त्याचा नेम बरा होता, पायात बूट होते आणि तो मला आडवत नव्हता. मास्तरांनी एका वाक्यात विषय संपवला. "गोल करनेवाले गली-गली मिलते मियाँ, रोकनेवाला एकीच है. उसकू हात नक्को लगाओ."

आता झरीच्याचं संघात असणं हे त्याच्यासाठी नुसतं खेळणं नव्हतं, हे मला माहीत होतं. गावातल्या काही मंडळींनी बाहेरगावच्या मुलांसाठी बोर्डिंग चालवलं होतं. तिथल्या फुकट जागा मोजक्या. मास्तरांनी शब्द टाकून त्यातली एक त्याला मिळवून दिली होती, संघात खेळतो म्हणून. बाप थोडक्या जमिनीचा धनी. जेवण फुकट आहे तोवर शीक, नाहीतर घरी ये, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे संघ सुटला की ताट सुटणार आणि ताट सुटलं की शाळा.

बोर्डिंगचे व्यवस्थापक म्हातारे होते. खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. दर महिन्याला ते माझ्याकडून एक यादी मागून घेत : बोर्डिंगमधले कोण कोण अजून संघात आहेत. तशी तिघांचीच नावं असत. एरवी मी नुसती नावं लिहायचो. त्या महिन्यात नांदेडच्या संघाशी सामना ठरला होता, मी जरा रंगात होतो, म्हणून नावापुढे ज्याची त्याची जागा लिहिली. एकापुढे सेंटर, दुसऱ्यापुढे फॉरवर्ड, आणि झरीच्यापुढे गारद. हा सोमवार.

मंगळवारी तो सरावाला आला नाही. वकिलाचा मुलगा कडेला उभाच होता, त्याला घेतलं. माझे भराभर गोल झाले, टाळ्या पडल्या. संध्याकाळी सहज बोर्डिंगवर डोकावलो तर त्याची वळकटी जागेवर नव्हती.

"गेला गावाकडं," व्यवस्थापक म्हणाले. "मीच जा म्हणालो. काहीतरी सांगत होता, पण तू स्वतः लिहून दिलंस ना?"

"काय लिहून दिलं?"

त्यांनी यादी काढून माझ्यापुढे धरली. "हे काय. गारद. आता गारद झालेल्याला मी कुठवर पोसू?"

मला आधी हसू आलं. मराठीत गारद झाला म्हणजे संपला, आडवा झाला, त्याचा निकाल लागला. म्हाताऱ्यांनी आपल्या मराठीत वाचलं होतं आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. एका वाक्यात मला ते दुरुस्त करता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. मग वाटलं, शुक्रवारी सामना आहे. सामना होऊन जाऊ दे, मग सांगू. आपण कुठं त्याला काढलंय? आपोआप झालंय. मी "बरं" म्हणालो आणि घरी आलो.

त्या रात्री मला छान झोप लागली. पुढे या गोष्टीची लाज वाटली, पण तेव्हा लागली हे खरं आहे.

मास्तरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, गावाकडं गेलाय. यात खोटं काहीच नव्हतं. शुक्रवारी नांदेडची पोरं रेल्वेने आली. त्यांच्यात एक डावखुरा होता. तो डावीकडून घुसला आणि वकिलाचा मुलगा उजवीकडे धावला. सामनाभर हेच चाललं. मी माझे गोल केले, त्यांना टाळ्याही पडल्या, आणि आम्ही मोठी कडी आमच्याकडे असताना सपाटून हरलो. खेळ संपल्यावर मास्तर रागावले नाहीत. चेंडू काखेत घेऊन म्हणाले, "घर अच्छा है मियाँ, किवाडच नई है." दार नसलेलं घर कुणी केलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

तसाच बोर्डिंगवर गेलो आणि व्यवस्थापकांना गारदचा अर्थ सांगितला. "तो पोरगाही हेच सांगत होता," ते म्हणाले. "मी म्हटलं, तसं असेल तर कप्तान येऊन सांगेल. तू आला होतास की त्याच संध्याकाळी." जागा अजून रिकामी होती. ये म्हणावं त्याला, असं त्यांनी सांगितलं.

शनिवारी शाळा बुडवली आणि भाड्याची सायकल घेऊन झरीला निघालो. पाच-सहा कोस. वाटेत मी बोलायचं सगळं जुळवत होतो, आणि शब्दाच्या गमतीपासून सुरुवात करायची असं ठरवलं होतं. ज्वारीची काढणी चालली होती. तो आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या गोठ्यापाशी, कडब्याच्या पेंढ्या बांधत होता. मला पाहून उठला, हात झटकले, माठातलं पाणी आणून दिलं.

मी गंमत सांगितली. गारद म्हणजे हे, आणि म्हाताऱ्याला वाटलं ते. तो हसला नाही.

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "म्यॅनेजरला मीबी त्येच सांगितलं. त्ये म्हनले, कप्तान येऊन सांगंल. म्हनलं, येतीलच."

"मग इथं का आलास?"

"तितं जेवायचं काय? हितं बसून वाट बघितली. वळकटी सोडलीच न्हाई. बाप रोज इचारायला, कवा जातूस. म्या म्हनायलो, निरोप यील, मग जातो."

मी म्हणालो, चूक झाली, आता चल, जागा आहे, मास्तर वाट बघतायत. तो पेंढीची गाठ आवळत होता. गाठ नीट बसल्यावर त्याने मान वर केली.

"तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. आजच कळलं, कालच कळलं, काहीही चाललं असतं. पण तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. त्याची नजर माझ्या पायांवर होती.

"मंगळवारी," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "आज शनवार," एवढंच बोलला. मग पेंढी बाजूला टाकून म्हणाला, "काल सांजच्याला वळकटी सोडली. बापाला सांगितलं, आता न्हाई जात म्हनून. त्येनं आजच गड्याला कामावरून काढलं. आता गडी मीच." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी आणखी दोन-तीनदा चल म्हणालो, पण माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. त्याची शाळा त्या दिवशी सुटली. म्हाताऱ्याच्या मराठीवर ती ढकलण्याचा मी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला. ती मी सोडायला लावली.

निघालो तेव्हा तो माझ्याबरोबर चालू लागला. मी नको म्हणालो. "सायकलीवर कुत्री येतेत," तो म्हणाला. खरोखरच गावाच्या कडेला तीन-चार कुत्री भुंकत अंगावर आली. मी सायकल हातात धरून थिजलो. त्याने काठी घेतली नव्हती, दगडही उचलला नाही. माझ्या आणि त्यांच्या मध्ये आला, हात खाली, गुडघे वाकवलेले, आणि कुत्री जिकडं सरकतील तिकडं त्यांच्या पायांकडे बघत सरकत राहिला. असं आम्ही गाव ओलांडलं. एकही कुत्रं माझ्यापर्यंत पोचलं नाही.

शिवेच्या दगडापाशी तो थांबला.

"पुढं कुत्री न्हाईत," तो म्हणाला. "जावा आता."