इस्त्रीवाल्याची एकुलती एक तडजोड

पहिल्यांदा इस्त्रीवाल्याच्या दुकानात शिरलो तेव्हा भर दुपारी माझे डोळे दिपले. कपाटाएवढ्या त्या दुकानात दोन पंखे, दोन इस्त्र्या आणि अख्ख्या रंगमंचाला पुरतील एवढे दिवे एकदम चालू होते. मीटर मात्र समाधी लावून बसलं होतं, कारण वीज रस्त्यावरच्या तारेवर टाकलेल्या आकड्यातून येत होती.

पुढे तो पकडला गेला आणि वीजचोरीचा गुन्हा दाखल झाला. त्याच्याच हातची कडक इस्त्री मिरवणारा वकील म्हणाला, "घाबरू नकोस. तडजोडीची रक्कम भर, तुरुंग टळेल. फक्त ही सवलत माणसाला जन्मात एकदाच मिळते."

इस्त्रीवाल्याची बायको म्हणाली, "ती वापरून झालीय, वकीलसाहेब. आमच्या घरी आकडा टाकला माझ्या भावाने, आणि गुन्हा अंगावर घेऊन तडजोडीची रक्कम भरली यांनी. मेहुण्यापुढे मोठेपणा नको का मिरवायला?"

"रडत होता तुझाच भाऊ," तो पुटपुटला.

मग जामिनासाठी अर्ज केला. जामीन राहायला मेहुणाच धावत आला, आणि या खेपेला अजिबात रडला नाही.

खटला अजून चालू आहे. इस्त्री आता कोळशाची आहे.