लेफ्ट बॅक साळवे तात्या

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातला मंगळवार, सकाळचे पावणेसात. सुनंदाचे वजन अठ्ठावन्न किलो सहाशे ग्रॅम, म्हणजे शनिवारपेक्षा दोन किलो चारशे जास्त. हे सगळे पाणी. मशीनने ते चार तासांत काढायचे होते. हजर माणसे दहा: खाटांवर पाच पेशंट, एक सिस्टर आणि पेशंटांबरोबर आलेले आम्ही चौघे. सुनंदा माझी पत्नी. तिचे पुण्यात सुरू झालेले डायलिसिस आम्ही बारामतीला आणले, त्याचा हा पहिला दिवस.

शेजारच्या खाटेवर एक उंच, सावळा, साठीच्या पुढचा माणूस मोबाइल डोळ्यांपासून वीतभर लांब धरून खणखणीत आवाजात वाचत होता.

“गोलकीपर ठेवला. बरं केलं. दोन मिडफिल्डर सोडले. ब्राझीलचा गडी गेला. जाताना सगळ्यांचे आभार मानलेत. आठ महिन्यांत गोल केला एक आन् आभार मानले चाळीस जणांचे!”

सगळी खोली हसली. “तात्या, हात हलवू नका, सुई निघेल,” सिस्टर म्हणाली.

“घ्या, रेफरीनं शिट्टी मारली,” म्हणून तात्यांनी मोबाइल पोटावर ठेवला आणि मान वळवून सुनंदाला विचारले, “नवीन साइनिंग का? या वहिनी. हितं खेळायला लई येत नसलं तरी चालतं, वेळेवर यावं लागतं.”

सुनंदा तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली. तारीख मी लिहून ठेवलेली नाही, पण ते हसू मोजून एकच होते, एवढे आठवते.

रामचंद्र साळवे माळेगावजवळच्या एका वाडीचे. सतरा वर्षे फौजेत काढली, तिथे पलटणीच्या फुटबॉल टीममध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचाव सांभाळणारे, म्हणून खेळले. आमच्या भागात मोठा माणूस कबड्डीचे बोलतो, पोरे क्रिकेटचे. फुटबॉलचे तात्या एकटेच. गोव्याच्या एका व्यावसायिक संघावर त्यांचा जीव होता. त्याला ते नुसते ‘आपली टीम’ म्हणत. सामने असत तेव्हा ते एवढे बोलत नसत. सामने संपून उन्हाळ्यात कोणाला ठेवले, कोणाला सोडले, कोण नवा आणला याच्या बातम्या सुरू झाल्या की त्यांना बहर येई.

“ह्यो गडी लोनवर आणलाय,” ते सांगत. “म्हंजे पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर आणल्यावानी. नांगरून घ्यायचं, रुतला तर मालकाचा.” कोणी पस्तिशीचा स्ट्रायकर स्पेनहून आला तर म्हणत, “आपल्याकडं बाजारात या वयाच्या बैलाचा दात बघून लोक पुढं जात्यात.” कोच बदलला तेव्हा त्यांचे मत होते, “आता हारायला नवं कारण मिळंल. जुनी सगळी वापरून झाली व्हती.”

मी पाटबंधारे खात्यात आहे. कालव्याचे पाणी मोजणे हे माझे काम, आणि सुनंदाच्या आजारानंतर घरातलेही पाणी मी मोजू लागलो. दिवसाला आठशे मिली, त्यात चहा, ताक, आमटीचे पाणी सगळे धरायचे. हे कळल्यापासून तात्या मला ‘पाटकरी’ म्हणत. “काय पाटकरी, आज वहिनींच्या चारीला किती सोडलं?” मी आकडा सांगे. ते तो खरोखर लक्षात ठेवत आणि गुरुवारी विचारत, “मंगळवारपेक्षा शंभरानं जास्त झालं. टेलला, पार शेवटच्या वावराला, पाणी पुरतंय न्हवं?”

मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी आमची पाळी. शनिवार ते मंगळवार हे अंतर जास्तीचे, म्हणून सोमवार सगळ्यांना जड जाई. मंगळवारी सकाळी तात्यांचे पाय सुजलेले असत, जिना चढताना दोनदा थांबावे लागे. तरी खाटेवर पडून सुया लागल्या की मोबाइल बाहेर यायचा.

पहिल्या खाटेवर कऱ्हाटीचे एक आबा असत. एका शनिवारी आम्ही गेलो तर सिस्टर त्या खाटेची चादर बदलत होती. कोणी काही विचारले नाही. तिथे ते कोणी विचारत नाही. तात्यांनी तिकडे बघितले आणि म्हणाले, “आबा गेले. फ्री ट्रान्सफर.”

सुनंदा चिडली. “तात्या, असं बोलू नये.”

“वहिनी,” ते म्हणाले, “गप बसून ती चादर बघवत न्हाय, म्हणून बोलतो.”

त्या दिवशी त्यांनी बातम्या वाचल्या नाहीत. मंगळवारी त्या खाटेवर दुसरे गृहस्थ होते. तात्यांनी त्यांनाही वेळेवर यायला सांगितले.

त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. ती बारामतीत रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गेल्या हिवाळ्यात तिचे लग्न ठरले. मुलगा शिक्षक, इंदापूरच्या पलीकडे गाव. वडील रणपिसे गुरुजी निवृत्त हेडमास्तर. जूनच्या दुसऱ्या रविवारची तारीख धरली. तात्यांनी व्याह्यांना आपला आजार सांगितला तो एवढाच, की शुगर आहे. ते खोटे नव्हते. शुगर होतीच, तिनेच किडन्या खाल्ल्या होत्या. पण डायलिसिसचे नाव त्यांनी घेतले नाही आणि घरच्यांनाही घेऊ दिले नाही.

“एकुलती पोरगी आन् बाप मशीनवर,” ते मला म्हणाले. “उद्या सगळा भार जावयावर पडंल, असं त्यांच्या मनात याया नको. लग्नाच्या दिवशी मला फकस्त दोन तास उभं ऱ्हायचंय, पाटकरी. लेकीच्या मागं. मग कळू दे सगळ्यांना.”

त्यांचे त्या वर्षीचे सगळे मागणे एवढेच होते. शनिवारी मशीन, रविवारी लग्न, असा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला होता. आदल्या दिवशी पाणी निघालेले असले की माणूस दोन तास उभा राहू शकतो. तारीख रविवारची धरण्यात माझाही सल्ला होता.

मेच्या शेवटच्या गुरुवारी तात्या वाचता वाचता थांबले. मग परत पहिल्यापासून वाचले, या वेळी सावकाश. त्यांच्या टीमने लेफ्ट बॅकला सोडले होते. चौतीस वर्षांचा, नऊ वर्षे त्याच संघात. त्याच्याविषयी तात्या कधी थट्टेने बोलत नसत. ते म्हणत, “लेफ्ट बॅक म्हंजे घरातला थोरला. गोल बसला तर शिव्या त्याला, वाचला तर नाव गोलकीपरचं.”

“काय लिहिलंय?” मी विचारले.

“लिहिलंय, त्यांच्या योगदानाबद्दल आभार.” त्यांनी मोबाइल बंद केला. “आभार मानले की समजायचं, गडी बाहेर.”

थोड्या वेळाने ते आपणहून बोलू लागले. पत्रिका छापून आल्या होत्या. घरात ठरले होते की ऊन आहे, तात्यांनी फिरायचे नाही. प्रज्ञा सगळ्यांना मोबाइलवर पत्रिका पाठवील आणि जवळच्यांकडे त्यांची पत्नी शकुंतलाबाई जाऊन येतील. काल रात्री प्रज्ञा म्हणाली होती, “तात्या, तुमी आतापर्यंत लई केलं. आता नुसतं बसा.”

“म्हंजे माझेबी आभार मानले की, पाटकरी,” तात्या म्हणाले. “लग्नाच्या आधीच.”

मी त्यांची समजूत घालायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणालो, माझी गाडी आहे, सोमवारी रजा टाकतो, आपण दोघे पत्रिका देऊन येऊ. रविवारी गेलो असतो तर बरे होते, शनिवारचे मशीन ताजे असते. पण रणपिसे गुरुजी रविवारी परगावी होते, आणि व्याह्यांच्या हातात पत्रिका मुलीच्या बापानेच द्यायची असते.

सोमवारी सकाळी आठला निघालो. तात्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि सुजलेल्या पायांत बूट जात नव्हते म्हणून चपला. निघतानाच मी हिशेब सांगितला. पत्रिका द्यायला आलेल्या माणसाने पाण्याला, चहाला नाही म्हणायचे नसते. म्हटले तर घरच्या बाईला वाटते, आमच्या हातचे चालत नाही. म्हणून पाण्याचा पेला नुसता ओठाला लावायचा आणि चहा दोन घोट. घरे आठ. मी खिशात वही ठेवली होती.

पहिली सात घरे ठरल्याप्रमाणे झाली. माळेगावात एक, कन्हेरीत तीन, पुढे रस्त्याला तीन. कन्हेरीच्या एका म्हाताऱ्या मावशीने विचारले, “रामचंद्रा, च्या तसाच ठिवला? गोड न्हाय का?”

“मावशे, गोड हाय म्हणूनच पुरवून पितोय,” तात्या म्हणाले, आणि म्हातारी खूश झाली. साडेबाराला माझ्या वहीत दोनशे ऐंशी मिली होते. तात्यांची मर्यादाही आठशेचीच, म्हणजे दिवसाचे पाचशे वीस शिल्लक. मी समाधानात होतो, हे मला लिहिलेच पाहिजे.

रणपिसे गुरुजी रस्त्यापर्यंत सामोरे आले. जयभीम झाला, गळाभेट झाली. तात्यांनी दोन्ही हातांनी पत्रिका दिली. गुरुजींनी ती कपाळाला लावली. चहा ठेवू का म्हणून आतून विचारणा झाली तेव्हा गुरुजी म्हणाले, “चहा नको. साळवेसाहेबांना शुगर आहे. मी सकाळीच शहाळी आणून ठेवलीत. पिशवीभर आहेत.”

डायलिसिसच्या माणसाला शहाळे म्हणजे विष. सेंटरच्या भिंतीवर तक्ता आहे, त्यात ते पहिल्या ओळीत लाल अक्षरांत आहे. त्यातले पोटॅशियम मशीनशिवाय अंगातून जात नाही आणि ते वाढले की हृदय थांबते. हे मला माहीत होते, तात्यांना माहीत होते. इतर ठिकाणी ‘पथ्य आहे’ म्हणता आले असते. पण शुगरवाल्याला शहाळे का चालत नाही, असे हेडमास्तरने विचारले असते, आणि त्याला उत्तर एकच होते.

गुरुजींनी स्वतः कोयता घेऊन शहाळे तासले. तात्यांनी ते हातात घेतले आणि माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा बोलायला हवे होते. मी वहीकडे पाहिले.

त्यांनी शहाळे प्यायले. रिकामे खाली ठेवतात न ठेवतात तोच गुरुजींनी दुसरे पुढे केले. “एकटं शहाळं देत नसतात, साहेब. जोडी पाहिजे. लग्नघर आहे.”

“द्या,” तात्या म्हणाले. “तुमच्या हातचं न्हाय कसं म्हणू?”

परतीच्या वाटेवर ते खुशीत होते. “माणूस चांगला हाय. पोरगी सुखात ऱ्हाईल,” असे दोनदा म्हणाले. मी म्हणालो, आत्ताच सेंटरला जाऊ, जास्तीची पाळी मागू. ते म्हणाले, “घरी कळंल. शकू रडंल, प्रज्ञा व्याह्यांना फोन करंल. उद्या सकाळी मशीन हायच की.”

संध्याकाळी सुनंदाला सगळे सांगितले. तिने भाजी निवडायची थांबवली. “दोन? आणि तुम्ही बघत बसलात?” मी सात वाजता फोन केला. तात्यांनी उचलला. हात-पाय जड झालेत, मुंग्या येतायत म्हणाले. मी परत म्हणालो, येतो गाडी घेऊन. “पाटकरी, बारा तासांचं काय इवढं?” ते म्हणाले. “नव्वद मिनिटं तर खेळायचोच की आमी.” मी त्यांच्या घरच्यांशी बोललो नाही. फोन ठेवला.

मंगळवारी पावणेसातला आम्ही सेंटरला पोचलो. सिस्टर शेजारच्या खाटेची चादर बदलत होती. पहाटे साडेपाचला तात्या उठून बसले, प्रज्ञाला हाक मारली आणि कोसळले. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते. तिथे घेतलेल्या रक्ताचा आकडा प्रज्ञाने स्वतः वाचला: पोटॅशियम आठ पूर्णांक सहा. साडेपाचच्या वर ते धोक्याचे.

त्या दिवशी सुनंदाने चार तास डोळे मिटून काढले. खोलीत मशीनांचा आवाज पहिल्यांदाच इतका ऐकू आला. गुरुवारी तिथे फलटणकडची एक तरुण बाई आली. तिला वेळेवर यायला कोणी सांगितले नाही.

लग्न ठरल्या तारखेलाच झाले. रणपिसे गुरुजीच म्हणाले, तारीख मोडायची नाही, साहेबांनी स्वतः येऊन पत्रिका दिली आहे. डायलिसिसचे त्यांना मातीच्या दिवशी कळले होते. त्यावरून त्यांनी कोणाला दोष दिला नव्हता. विहारात पन्नासेक माणसे होती. प्रज्ञा पांढऱ्या साडीत उभी होती आणि तिच्या मागे शकुंतलाबाई एकट्या.

पंगत बसायच्या आधी गुरुजींनी मला खांबाआड बोलावले. प्रज्ञा चार पावलांवर कोणाच्या तरी पाया पडत होती. गुरुजींचा आवाज खाली होता.

“गावडेसाहेब, तुम्ही त्या दिवशी शेजारी होतात. मला किडनीचं ठाऊक नव्हतं. मी शहाळी पाजली त्यांना. आता लोक काहीबाही सांगतात. तुमच्याही घरात हा आजार आहे, तुम्हाला माहीत असेल. शहाळं चालत होतं ना त्यांना?”

प्रज्ञाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. आकडा तिला माहीत होता.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी कालव्याच्या वहीत खोटी नोंद कधी केलेली नाही.

“चालत होतं, गुरुजी,” मी म्हणालो. “डॉक्टरांनीच सांगितलं होतं.”

गुरुजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग नाक पुसून ते पाहुण्यांना वाढायला गेले. प्रज्ञा जवळ आली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “काका, जेवल्याबिगर जाऊ नका.”