बियाला ठेवलेलं वांगं

गच्चीवर बाग करणाऱ्यांनो, तुम्हीच सांगा, मी आज काय करायला हवं होतं?

लग्नासाठी दोन-चार दिवस लोणंदला नणंदेकडे होतो. इथं साताऱ्यात झाडांना पाणी घालायचं शेजारच्या काकूंनी हौसेनं अंगावर घेतलं. काका फौजेत होते, काकूंचा सगळा संसार क्वार्टरमध्ये झालेला, माती-बियाण्याशी कधी संबंध नाही.

आज सकाळी गच्चीवर गेले, तर वांग्याचं झाडच नाही! त्याच कुंडीत नर्सरीतलं जांभळ्या वांग्याचं टवटवीत रोप.

"आगं, झाड पार वाळत आल्यालं," काकू खुशीत सांगत होत्या. "एकच वांगं हुतं, ते बी पिवळं पडल्यालं. वर चिंधी गुंडाळल्याली. म्हनलं, रोग दुसऱ्या झाडास्नी लागंल. सगळं घंटागाडीत दिलं. नवं रोप माझ्याकडनं तुला!"

चिंधी मीच बांधली होती, हे वांगं कुणी तोडू नये म्हणून. ते बियासाठी पिकवत होते. आमच्या सांगलीकडची पांढरट हिरवी, काटेरी वांगी. बी आईनं दिलेलं. तिच्या परसात आता भावानं ऊस लावलाय, तिच्याकडं एक दाणा उरलेला नाही.

काकूंना "लय छान केलंत," म्हटलं आणि चहा टाकला.

दुपारी आईचा फोन. "बी धरलंस का गं? चिमूटभर मला दे, कुंडीत लावीन म्हणते."

"वाळत घातलंय," मी म्हणाले.

कुणाकडं हे बी असेल तर द्याल का? उद्या आई विचारणार, वाळलं का?