बांधीत उभे बूट

मामा फौजेतून रिटायर होऊन आले ते एक लोखंडी पेटी, जाडजूड मिशा आणि चामड्याचे बूट घेऊन. पेटीत मामींनी डाळी भरल्या. मिशा मामांनी स्वतः सांभाळल्या. बूट मात्र कोणालाच नको होते, म्हणून ते आमच्या गोठ्यातल्या खुंटीला लटकले आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले. पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवी बुरशी यायची, उन्हाळ्यात ती वाळून गळायची, आणि चामडं दरसाल थोडं थोडं लाकूड होत जायचं.

ते बूट एकाएकी मला हवे झाले, कारण कॉलेजच्या पदभ्रमण शिबिरासाठी माझी निवड झाली. दिवाळीच्या सुटीत, थेट हिमालयात! सत्तरीचं दशक सरत आलं होतं, पण आमच्या आसगावात मुलीनं एकटीनं नागपूरला जायचं म्हटलं तरी घरात बैठक बसायची. त्यात सरांनी बजावलं होतं की घोट्याच्या वर येणारे चामड्याचे बूट पाहिजेत आणि त्यांत पाणी शिरता कामा नये.

"पोरीच्या पायात बूट?" माय कडाडली. "कायले पाह्यजे तुले हिमालय? अन् बर्फात पाय ओले झाले तं बोटं झडतेत. तुह्या मामानंच सांगतलं."

बाबा उठून गोठ्यात गेले. घरात वाद पेटला की त्यांना नेमकं बैलांना पाणी पाजायचं आठवायचं. मला मायपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. नाही म्हणणाऱ्याशी निदान भांडता येतं, उठून गोठ्यात जाणाऱ्याशी काय भांडणार?

मी जेवण सोडलं. जेवण सोडलेली मुलगी भांडी जोरात आपटते, तशी मीही आपटली. शेवटी मायनं अट घातली. आता, माझी माय म्हणजे पंचक्रोशीतल्या कुंभारांचा काळ. बाजारात ती प्रत्येक मडकं बोटानं वाजवून घ्यायची, घरी आणून रात्रभर पाणी भरून कोरड्या दगडावर ठेवायची, आणि सकाळी दगड ओला दिसला की मडकं परत आणि कुंभाराच्या सात पिढ्यांचा उद्धार. तिच्या डोक्यात बूट आणि मडकं यांत फारसा फरक नव्हता.

"धानाच्या बांधीत, पाण्यात उभी राह्य," ती म्हणाली. "पाय कोरडे निघाले तं जा. ओले निघाले तं बूट गोठ्यात अन् तू घरात."

मी कामाला लागले. ओल्या फडक्यानं बुरशी पुसली, आत धानाची तणस कोंबून बूट सावलीत वाळवले. तळव्याची शिवण उसवली होती, ती मामांनी पोती शिवायच्या दाभणानं, मेण लावलेल्या सुताने शिवून दिली. शिवताना त्यांनी सिक्कीमची सगळी थंडी मला ऐकवली. लेसा कुजल्या होत्या, त्यांच्या जागी परकराचे नाडे ओवले. मग मोहाच्या बियांचं तेल आणि बाजारातलं मेण चुलीवर पातळ करून चामड्यावर, विशेषतः शिवणीवर, चोळायला घेतलं. दुकानातलं डबीतलं पॉलिश फक्त चमक देतं, पाणी त्याला भीक घालत नाही, असं मामांचं म्हणणं. पहिला हात चामड्यानं नुसता पिऊन टाकला. दुसरा हात मुरला तेव्हा कुठे घोट्याजवळ बूट वाकायला लागला. मला इतका आनंद झाला की मी मामांच्या पाया पडले. घरभर मोहाचा असा वास सुटला की शेजारचा एक म्हातारा "कोठी उतरून राह्यले?" असं दारूच्या आशेनं विचारून गेला.

आणि एके सकाळी पाहते तर दोन्ही बूट ओट्यावर, काठोकाठ पाण्यानं भरलेले.

"रातभर ठेवले," माय शांतपणे म्हणाली. "आतलं पाणी बाहेर आलं नाई तं बाहेरचं आत जाणार नाई. डावा जरासा पाझरते."

मी रडले. पुन्हा तणस, पुन्हा सावली, पुन्हा तेल, पुन्हा मेण. डाव्या बुटाच्या शिवणीवर मी इतकं मेण चोळलं की अंगठ्याची कातडी निघाली. पण पाझरतो कुठून हे मायच्या पाहणीमुळेच कळलं होतं, हे मी तेव्हा कबूल करणं शक्यच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी आमच्या बांधीत, धानाच्या कडेला उतरले. पाणी घोट्यापर्यंत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माय कमरेवर हात ठेवून उभी. शेजारच्या बांधीतल्या निंदणाऱ्या बायकांनी निंदण थांबवलं होतं. बाबा पलीकडे, पाणी सोडायच्या तोंडाशी उगाच माती थापत बसले होते. थोडा वेळ गेला. पाय कोरडे! मी मनातल्या मनात हिमालयात पोचले.

"निघू का?"

"थांब अजून. मडकं का लगेच पाझरते?"

ती थांबवत गेली आणि मी रुतत गेले. शेवटी तिनं "ये" म्हटलं तेव्हा मी आले, बूट आले नाहीत. मामांचे पाय माझ्याहून बरेच मोठे. मी दोन्ही हातांवर चिखलात पडले, आणि माझी अनवाणी पावलं साऱ्या निंदणाऱ्या बायकांना दिसली.

माय खाली वाकली. "ओले हायेत."

"हे बाहेरचं पाणी हाये!"

"पाणी पाणीच रायते."

बायका हसत होत्या. मी चिखलात बसून रडकुंडीला आले होते. तेवढ्यात बाबा उठले, धोतर खोचून बांधीत उतरले आणि दोन्ही हातांनी बूट उपटले. त्यासरशी असा आवाज झाला की बायका आणखीच हसल्या. बाबांनी एका बुटात कोपरापर्यंत हात घातला. गाभण गाय तपासावी तसा गंभीर चेहरा करून हात आत फिरवला. मग दुसऱ्या बुटात.

"कोरडे ठणठणीत," ते म्हणाले.

माय त्यांच्याकडे बघत राहिली. उभ्या बाजारात कुंभारांना घाम फोडणारी ती बाई, तिनं हात पुढे करून बूट मागायला हवा होता. तिनं मागितला नाही.

"मंग जाऊ द्या तिले," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

बाबा दोन्ही बूट अगदी सरळ धरून, सांडेल की काय अशा बेतानं घरी घेऊन आले. गोठ्यामागे त्यांनी ते उलटे केले. भळकन गढूळ पाणी आलं, आणि डाव्या बुटातून बोटाएवढी एक जिवंत मासोळी जमिनीवर पडून तडफडू लागली. पाणी वरून शिरलं होतं की शिवणीतून, हे मला आजही माहीत नाही. मासोळी मात्र शिवणीतून येणं कठीण.

बाबांनी ती उचलून बैलांच्या टाक्यात सोडली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिकडं पाय कोरडे ठेवजो बाई. नाईतं मी लबाड ठरीन."