बरण्यांवरचा पहारा

माझी सगळी नोकरी गुजरातच्या सीमेलगतच्या एका तपासणी चौकीवर गेली. ताडपत्री वर करायची, आणि आत बटाटे आहेत असं ड्रायव्हर म्हणाला की बटाट्यांखाली काय आहे ते बघायचं. निवृत्त झालो, चौकी सुटली, पण सवय काही सुटली नाही. आमची ही म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी प्रसादाचा द्रोण उलटा करून बघता. हे साफ खोटं आहे. मी तो फक्त जरासा उचलून खालून बघतो.

मसोलीला आमचं छोटं घर आहे आणि मागे घरापेक्षा मोठी वाडी. चिकूची दोन झाडं, एक राजापुरी आंबा, लिंबं, मिरचीचे वाफे, कुंपणाच्या कडेने आंबेहळद. कामाची वाटणी लग्नानंतर कधीतरी आपोआप झाली आणि पुढे कोणी बदलली नाही. झाडावर आहे तोवर ते माझं, बरणीत गेलं की तिचं. झाडांची आळी मी खणायची, मिरचीचे मुरडलेले शेंडे मी खुडायचे, झेल्याने कैऱ्या मी उतरवायच्या. त्या धुवायच्या, पुसून कोरड्या करायच्या, फोडींना मीठ-हळद लावायची आणि बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा हे तिच्याकडे. समुद्राची खारी हवा आत शिरू नये म्हणून ती दादरा इतका आवळते की तो सोडवणं माझ्या बोटांना जमत नाही. त्याबद्दलही मला पूर्वी संशय यायचा.

ही माहेरची वेवजीची, अगदी गुजरातच्या वेशीवरची. कैरीला केरी म्हणते आणि लोणच्याला अथाणं. तिच्या घरचा दंडक असा की देवापुढे वाटी ठेवल्याशिवाय नवीन बरणीतलं कोणी जिभेवर ठेवायचं नाही. त्यामुळे ती कधीच काही चाखून बघत नसे. दादरा सोडायची, बरणीवर वाकायची, डोळे मिटायची आणि सांगायची, मीठ कमी आहे. आणि ते कमीच असायचं. मला तर तिच्या या कसबाचा हेवा वाटायचा. असं नुसतं वाकून कळलं असतं तर चौकीवर माझी निम्मी मेहनत वाचली असती.

मुलगा वापीला असतो. त्याचा फ्लॅट आहे, बायकोची नोकरी आहे, आणि घर भाड्याने देऊन आम्ही दोघांनी तिकडे यावं असा त्याचा जुना धोशा आहे. मी नाही म्हणत आलो, हीसुद्धा नाही म्हणत आली. निदान मागच्या भाद्रपदापर्यंत तरी म्हणत होती.

भाद्रपदात तिला चांगला सणकून ताप आला. उतरला, उठली, कामाला लागली. पण त्यानंतर घरात काहीतरी बदललं. काय ते हाताला लागेना, आणि हाताला न लागणारी गोष्ट मला झोपू देत नाही.

पहिलं म्हणजे कुंपणापलीकडच्या वहिनी. शेजार चांगला आहे, पण ही आपल्या बरण्यांवर त्यांची सावलीसुद्धा पडू देत नसे. नजर लागते म्हणायची. आता मात्र बरणी उघडायची झाली की त्यांना हाक जायची. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजायच्या आणि मी पाणी प्यायला आत गेलो की एकदम पावसापाण्यावर बोलायला लागायच्या. जाताना वहिनींच्या हातात वाटी असायचीच. दुसरं, हिवाळ्यात लिंबाचं लोणचं नेहमीच्या मानाने फारच थोडं घातलं गेलं. फळीवर रिकाम्या बरण्या पालथ्या पडून राहिल्या. मी विचारलं तर म्हणाली, "कोण खातंय एवढं?" आजवर आम्हीच खात होतो.

आणि तिसरं, फोन. मुलाशी बोलायला ती मागच्या दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली, तेही हळू आवाजात. मी मिरचीच्या वाफ्यात पाइप सोडून जवळ उभा राहिलो. वाफा भरून वाहिला, पायाखाली चिखल झाला, आणि माझ्या कानावर एवढंच आलं, "पावसाच्या आधी बघू."

मी जे समजायचं ते समजलो. ही आवराआवर करते आहे. बरण्या कमी करायच्या, शेजारी वाटून टाकायच्या, आणि पावसाच्या आधी मला वापीच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन कुंडीतल्या तुळशीला पाणी घालायला बसवायचं. मला भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली. या वाडीबाहेर मी कशाचा कोण आहे? पण मी काही विचारलं नाही. चौकीवर आम्ही ड्रायव्हरला लगेच जाब विचारत नसू, आधी गाडीभोवती एक फेरी मारायचो.

वैशाखात राजापुरी तयार झाला. मी केऱ्या उतरवल्या, तिने घातल्या, पण वहिनींना शेजारी बसवूनच. मी खिडकीबाहेर उगाच माती उकरत होतो. "बरोबर आहे ना?" ही विचारत होती. "छान, छान," वहिनी म्हणत होत्या. लग्नानंतर इतकी वर्षं जिने मला मिठाच्या बाबतीत एक शब्द बोलू दिला नाही, ती शेजारणीला विचारते? जाताना वारस नेमतात तसं ही वहिनींना शिकवून ठेवते आहे, असा मी निष्कर्ष काढला.

मग मासळीच्या पाण्याचा दिवस आला. बंदरावरून मासळीची डोकी आणून ती गुळाच्या पाण्यात कुजवून मी लिंबांसाठी खत करतो. त्याचा वास असा असतो की कुत्रीसुद्धा लांबून जातात. ते घातलं की ही मला मागच्या मोरीवर उभं करते, अंगावर पाणी ओतते आणि कपडे तिथेच काढायला लावते. त्या दिवशी बादली कलंडली आणि निम्मं पाणी माझ्याच पायांवर आलं. मी मुद्दाम तसाच आत गेलो. म्हटलं, जिचं चित्त या घरात आहे ती आरडाओरडा करेल. हिने मला पाट दिला आणि समोर चहा ठेवला.

एवढं हिचं मन या घरातून उठलं? तेवढ्यात वहिनी मागच्या दाराशी आल्या, पदर नाकाला लावला आणि आल्या पावली परत फिरल्या.

"वहिनी का हो परत गेल्या?" हिने मला विचारलं.

चहा तसाच ठेवून मी तिच्याकडे बघत राहिलो. ती खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आल्यावर कागदाच्या पुडीत घरचीच कणीक बांधली आणि तिच्या हातात दिली. "नवीन दुकानातला हिंग आहे. बरा आहे का बघ." तिने पुडी नाकाशी नेली. नेहमीसारखे डोळे मिटले. "चांगला आहे," ती म्हणाली, "जरा उग्र आहे." मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुडी उघडली.

मी सापळा लावला होता आणि सावज सापडलं होतं, पण मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"तापात गेला वास," ती म्हणाली. "म्हटलं, येईल. नाही आला. वहिनींबरोबर जाऊन डॉक्टरलाही दाखवलं. ते म्हणतात, आला तर येईल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज तपासत बसला असता."

हे खरंच होतं. मी वापीचं विचारलं. तिने कणकेची पुडी परत नीट घडी घालून बांधली. "हो म्हटलंय मी त्याला. तिथे माझ्या अथाण्याकडे कोणी डोळे लावून बसलेलं नाही. इथे राहून काय करू? अंधारात मीठ टाकत बसू?"

म्हणजे माझा संशय खरा होता. ती जायला निघालीच होती. फक्त मला जे कारण वाटत होतं ते नव्हतं.

मी उठलो आणि यंदाच्या केरीच्या बरण्या फळीवरून खाली काढल्या. "सोड दादरे," मी म्हटलं. तिने सोडले. मी पहिल्या बरणीवर वाकलो, डोळेसुद्धा मिटले, आणि म्हटलं, छान. दुसरीलाही छान म्हटलं.

"चौकीवर गाड्या अशाच सोडत होता का?" तिने विचारलं. "वहिनीही छानच म्हणतात. सगळंच छान म्हणतात. म्हणून तर मला कशाचाच भरवसा वाटत नाही."

ती माझ्याकडे जशी बघत होती तसं मी आयुष्यभर लोकांकडे बघत आलो. आपल्याकडे कोणी तसं बघितलं की कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिलीत मेथी जरा जास्त झाली होती, तसं सांगितलं. दुसरी खरंच चांगली होती. तिसरीचं तेल वर स्वच्छ होतं, फोडी पिवळ्याधमक होत्या, पण वाकलो तर ओल्या गोणपाटासारखा बुरसट वास आला. ही माझ्या तोंडाकडे बघत होती. ही बरणी छान म्हणून फळीवर ठेवून देणं आणि मग गुपचूप वाडीच्या कोपऱ्यात पुरून टाकणं मला सहज जमलं असतं.

"ही गेली," मी म्हटलं. "टाकून दे."

तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता संपलं सगळं. तिने पदराने डोळे पुसले आणि बरणी पुढे ओढली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "फोडी धुतल्या त्या दिवशी आभाळ होतं. नीट वाळल्याच नव्हत्या त्या." मग विचारलं, "झाडावर आहेत का अजून केऱ्या?"

"शेंड्याला आहेत."

संध्याकाळी मी लिंबांना पाणी घालत होतो तेव्हा मुलाचा फोन आला. या वेळी ती ओट्यावर गेली नाही. स्वयंपाकघरातच, मला ऐकू येईल अशी बोलत होती. तरीही मी पाइप बंद करून दाराशी जाऊन उभा राहिलो.

"नाही रे, पावसाच्या आधी नाही जमणार," ती म्हणाली. "माझी एक बरणी बिघडलीय."