मांजराचं औषध, आतोबांचं पथ्य

माझ्या धाकट्या आत्याला 'नाही' म्हणून सुखाने घरी गेलेला माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात सापडायचा नाही. इथे बस थांबत नाही, असं तिला सांगणाऱ्या कंडक्टरने शेवटी खाली उतरून तिची पिशवी दारापर्यंत पोहोचवली होती. तिच्या बोक्याचं नाव मुकादम, कारण शेजारच्या पॉवरलूमवर तो रोज सकाळी फेरी मारून यायचा आणि काम मात्र कसलंच करायचा नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासून सांगितलं की किडनी गेली आहे, ती काही बरी व्हायची नाही. पाणी भरपूर पाजा आणि झाडपाल्याच्या नादी लागू नका. मला बोक्यापेक्षा डॉक्टरांचीच काळजी वाटली. आत्या शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमची पढाई खतम झाली असेल. माझी जिद्द नाही झाली."

तिथून ती तडक शनवारा पेठेत जडीबुटीच्या दुकानात गेली आणि किडनीसाठी पुनर्नवा-गोखरूचं चूर्ण मागितलं. मांजरासाठी म्हटल्यावर दुकानदार हसला. मग पुढच्या दुकानात तिने बेधडक सांगितलं, "आमच्या ह्यांच्यासाठी." मुकादम चूर्णाला तोंड लावेना, म्हणून ती ते तुपात कालवून त्याच्या पंजांना फासायची. चाटून साफ करील, असा तिचा हिशेब. तो पंजे आतोबांच्या पांढऱ्या पायजम्याला पुसून निघून जायचा. इकडे आतोबांची किडनी गेल्याची बातमी गावभर झाली. लोक भेटायला येऊन हळू आवाजात बोलू लागले. शाहपुरात लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना मावा जिलेबी आणि आतोबांना मुद्दाम वेगळी शिजवलेली बिनमिठाची खिचडी वाढली. केळीच्या मुलखात त्यांच्या हातावर कोणी केळं ठेवीना. धडधाकट माणूस, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "खरं सांगितलं तर लोक तिला हसतील. त्यापेक्षा माझी किडनी गेलेली परवडली, बेटा."

डॉक्टरांचं पाण्याचं मात्र आत्याने गुपचूप ऐकलं होतं. घरात कोपऱ्याकोपऱ्यात वाट्या भरलेल्या असायच्या. मुकादमने उन्हाळा काढला, पावसाळाही काढला, आणि त्याचं सगळं श्रेय चूर्णाला मिळालं. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी तो तिच्या मांडीवरच गेला. आतोबा आणि मी शेजारी बसलो होतो. तिने आमच्याकडे रोखून पाहिलं. "औषध लागू पडत होतं," ती म्हणाली. "त्याच्यातच दम उरला नव्हता."

आम्ही दोघंही हो म्हणालो. कोणीतरी नाही म्हणेल म्हणून ती बराच वेळ आमची तोंडं न्याहाळत राहिली. कोणीच म्हटलं नाही, तेव्हा ती रडली.